बारा ग्रॅमची रिब

भिलाई-३ मधल्या चंपत मेश्रामच्या घरात पातळ अशी वस्तूच सापडायची नाही. फाटक असं, की उघडायला खांदा लावावा लागे. पाण्याच्या टाकीखालचा स्टँड पाहून शेजारी विचारत, "चंपतभाऊ, वर टाकी ठेवता का ट्रक?" चौतीस वर्षं एका खासगी रोलिंग मिलमध्ये फिटर म्हणून काढलेला माणूस तो. त्याच्याजवळ कौतुकाचा शब्द एकच, हेवी. लग्न चांगलं झालं की हेवी, रस्सा जमला की हेवी, वेल्डिंग तर हेवीच पाहिजे.

आणि त्याची लेक प्रेरणा अशा धंद्यात गेली, जिथे हेवी ही शिवी होती.

बेंगळुरूला विमानाचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ती मेकॅनिकल डिझाइन इंजिनीअर होती. दोन वर्षांमागे चंपत तिच्याकडे विमानानं गेला, तेव्हा त्याला पंखाजवळची खिडकी मिळाली. पंखाचं टोक हातभर वर-खाली होताना पाहून त्यानं समोरची सीट जी पकडली, ती उतरेपर्यंत सोडली नाही.

"पोरी, तुमच्या विमानाचा पंख ढिला हाये," त्यानं उतरल्या-उतरल्या सांगितलं.

"ढिला नाही, बाबा. वाकाच लागते त्याले. नाही वाकला त तुटते."

वाकतं म्हणून टिकतं! चंपत आठवडाभर त्याच विचारात होता. परत येताना पुन्हा तीच खिडकी मिळाली, तर यावेळी हात मांडीवर ठेवून तो तासभर त्या पंखाकडेच बघत बसला. शेजारच्या बाईलाही त्यानं सांगितलं, "घाबरू नका, तो वाकूनच राहते."

यंदा प्रेरणाला पहिल्यांदा एक ब्रॅकेट पूर्ण स्वतःचा मिळाला. तळहाताएवढा, पंखाच्या पोटात तेलाची नळी धरून ठेवणारा. ड्रॉइंगवर सही तिची. वजनाची परवानगी एकशे चाळीस ग्रॅम, आणि तिनं तो एकशे सव्वीसमध्ये बसवला होता. हे तिनं आनंदानं फोनवर सांगितलं, तर चंपतला त्यात फक्त पातळपणा ऐकू आला.

"तुटन त नाही ना? अवं, चौदा ग्रॅम शिल्लक हायेत त एक रिब मार ना पाठीवर. कोण पाहून राहिलं?"

प्रेरणा हसली. पण फोन ठेवल्यावर तिनं बारा ग्रॅमची एक उभी पट्टी ब्रॅकेटच्या पाठीवर चढवली. परवानगीच्या आत होतं, कोणी काही विचारलं नाही.

आता ती चार दिवसांच्या सुटीवर घरी आली होती, आणि रविवारी सकाळी चहा पिता-पिता लॅपटॉपवर मेल आला. थरथराटाच्या टेस्टमध्ये भेग गेली होती. ब्रॅकेटला नाही, तो ज्या पातळ पत्र्याला बोल्टनं बसवला होता त्या पत्र्याला. सोमवारी बाराला मीटिंग होती. कारण पटलं नाही, तर ब्रॅकेट दुसऱ्याच्या हाती जाणार होता.

"तुहा त साबूत हाये ना? मंग चूक तुही कशी?" चंपतला कळेना.

प्रेरणानं स्क्रीन त्याच्याकडे वळवली. चित्रात जोर जास्त तिथे लाल, कमी तिथे निळा. ब्रॅकेट निळा गार, आणि शेजारी पत्र्यातल्या भोकाभोवती लालभडक. "रिब मारली न म्या, त माहा ब्रॅकेट वाकूनच नाही राहिला, बाबा. सगळा जोर शेजाऱ्यावर ढकलून राहिला."

चंपत त्या लाल ठिपक्याकडे पाहत राहिला. मग एकदम म्हणाला, "शिअर पिन!"

मिलमध्ये मोटर आणि रोल यांच्यामध्ये एक नरम पिन असे. जोर फार झाला की ती मोडायची आणि मशीन वाचायचं. चंपतनं जन्मभर अशा पिना बदलल्या होत्या.

"आमची हेड मॅडम बोलते, का टेस्टवाल्यानं बोल्ट जास्त कसला असन," प्रेरणा हळूच म्हणाली. "मी फक्त हो म्हणायचं. ब्रॅकेट माह्याजवळच राहते."

चंपतनं चहाचा कप बाजूला सारला. "एकदा पिना संपल्या होत्या," तो म्हणाला. "मी त्या जागी हाय-टेन्साइल बोल्ट ठोकला. हेवी. बोल्टले काहीच नाही झालं, गिअरबॉक्सचे दात गेले. आन् फोरमनले म्या सांगितलं, का गिअरचा मालच खराब होता."

स्वयंपाकघरातून त्याच्या बायकोचा, भीमाबाईचा आवाज आला, "तीस वर्षं मले नाही सांगितलं ते?"

"तुले गिअरबॉक्स समजते का?"

"गिअरबॉक्स नाही समजत. खोटं समजते!"

प्रेरणाला हसू आलं, पण चंपतला नाही. त्यानं चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

सोमवारी बाराला ती खोलीत लॅपटॉपसमोर बसली. चंपत दाराबाहेर स्टुलावर. मॅडमचं नाव ऐश्वर्या, आवाज धारदार.

"प्रेरणा, बोल्ट ओव्हर-टाइट था, यही लिखें?"

"नहीं मॅम. बोल्ट ठीक था. रिब मैंने बढ़ाई, बिना जरूरत के."

"किसके कहने पे?"

बाहेर चंपत स्टुलावरून अर्धा उठला. सांगून टाक पोरी, त्याला वाटलं, बापाच्या सांगण्यावरून.

"किसी के नहीं, मॅम. मुझे डर लगा."

पलीकडे कोणीतरी खोकलं. मग मॅडम म्हणाल्या, "डर ड्रॉइंग में नहीं डालते, कॅल्क्युलेशन में डालते हैं. शाम तक नया मॉडेल भेजो. साइन तुम्हारा ही रहेगा."

चंपत आत आला. बापाचं नाव गिळून टाकलेली ही पोर आता कानामागे केस सारून कामाला लागली होती. पाठीवरची रिब गेली. मग ती ब्रॅकेटचा पाय पातळ करू लागली. पडद्यावर तिनं भार चढवला, तसा तो पाय गवताच्या पात्यासारखा अलगद लवला. पत्र्यावरचा लाल ठिपका नारिंगी झाला, मग पिवळा.

हे सारं एवढ्याशा पोरीच्या बोटाखाली. तिकडे पंखाच्या अंधारात, आभाळात, कोणाला न दिसता लवत राहणार होतं ते. चंपतनं तिच्या खुर्चीची पाठ धरली.

"बस, बस, थांब आता," त्याच्या तोंडून निघालंच.

प्रेरणानं पडद्यावरून नजर न काढता पायाची जाडी आणखी अर्धा मिलिमीटर उतरवली, आणि पिवळा ठिपका हिरवा झाला.