सासूबाई आणि रविवारची बॉक्सिंग

अमेरिकेत शनिवारी रात्री मोठी लढत असली की ती आपल्याकडे रविवारी सकाळी टीव्हीवर लागते. आकुर्डीतल्या आमच्या दोन खोल्यांत रविवार उजाडायचा तो असा. बाबा बीडकडून आलेले, कंपनीत वेल्डिंगला. त्यांची सुट्टी गुरुवारी. रविवारी सेकंड शिफ्ट असली की आम्ही दोघं पोह्यांच्या बशा घेऊन टीव्हीसमोर बसायचो. फर्स्ट शिफ्ट असली की मी एकटीच बघायचे, आणि ते घरी आले की पायातले बूटसुद्धा न काढता विचारायचे, "कुठल्या राउंडला पडला?"

मग मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळी लढत करून दाखवायचे. कोण कुठून आला, कुणाचा हात खाली राहिला, ठोसा हनुवटीवर बसला की बरगडीत. चुकीचा हात वापरला तर बाबा थांबवायचे. "आगं त्यो डावखुरा हाय. उजवा हात म्होरं घे."

एका उंच बॉक्सरला ते पोस्टमन म्हणायचे. त्याचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, समोरच्याच्या दारात पोचल्याशिवाय राहायचा नाही. मला मात्र ठेंगणे बॉक्सर आवडायचे. मार खात खात आत शिरणारे, आणि आत शिरल्यावर हसणारे.

लग्न होऊन सांगवीला आले तेव्हा चाकणला एका सुट्या भागांच्या कंपनीत क्वालिटीला होते. नवऱ्याला बॉक्सिंगचं काही नव्हतं. रविवारी तो दहापर्यंत झोपायचा. सासूबाई इथल्याच जुन्या घरातल्या. शेतं गेली, तिथे इमारती आल्या, त्यातल्याच एका इमारतीत आम्ही राहत होतो. त्या बोलायला कमी. आमच्यात भाजी काय करायची, दूध किती घ्यायचं, एवढंच बोलणं व्हायचं. पहिले दोन-तीन महिने मी टीव्हीच्या वाटेला गेले नाही.

मग एका रविवारी पोस्टमनची लढत होती. राहवेना. आवाज अगदी बारीक करून मी लावली. सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या.

"आवाज का मारलास? चोरी करती व्हय?"

मी घाबरून आवाज वाढवला. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "कोन कुनाचा?"

मी सांगितलं. पोस्टमन आता पस्तिशीला आलेला, समोरचा तरणाबांड. चौथ्या राउंडला पोस्टमन सपशेल पाठीवर पडला.

"झालं, चितपट," म्हणत त्यांनी मेथीची जुडी ओढली. "आमच्या वडलांची तालीम व्हती. बायांना आत न्हाई जाऊ द्यायचे, मी माळ्याच्या खिडकीतनं बघायची. पाठ टेकली की कुस्ती संपली."

"इथे नाही संपत, आई. दहा मोजायच्या आत उठला तर पुन्हा लढता येतं."

"आन् पुन्हा पडला तर?"

"पुन्हा मोजायचे."

त्यांनी चष्मा पुसून नीट लावला. पोस्टमन आठव्या आकड्याला उठला. पुढचे राउंड तो नुसता धरून, टेकून, चुकवून काढत राहिला. नवव्यात त्याचा जॅब पुन्हा पोचायला लागला, आणि अकराव्यात त्या तरण्याचे पाय लटपटले. सासूबाई उभ्या. मांडीवरची मेथी सगळी फरशीवर. "सोडू नको त्याला! आता न्हाई सोडायचं!" त्या ओरडल्या. नवरा डोळे चोळत बाहेर आला आणि घरात नेमकं कोण पडलंय म्हणून बघू लागला.

तेव्हापासून रविवार आमचा दोघींचा झाला. गोलगोल फिरत राहणाऱ्याला त्या घाण्याचा बैल म्हणायच्या आणि पंचांना तर काहीही म्हणायच्या. मी कंपनीत काय काम करते हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं तेही दोन राउंडच्या मधल्या मिनिटात.

मागच्या हिवाळ्यात आकुर्डीतच एका हॉलमध्ये मुलींच्या स्पर्धा होत्या. मी बाबांना फोन केला. सासूबाई ठेवणीतली साडी नेसून निघाल्या. लग्नात एकमेकांना नमस्कार केल्यापलीकडे या दोघांचं कधी बोलणं झालं नव्हतं. हॉलमध्ये ते एकाच रांगेत बसले. मधे एक खुर्ची मोकळी, त्यावर सासूबाईंची पिशवी.

निळ्या कोपऱ्यात दापोडीची एक मुलगी आली. ठेंगणी, हाताला पट्ट्या बांधतानाही हसत होती. लाल कोपऱ्यातली तिच्याहून वीतभर उंच. पहिला राउंड उंचीचा झाला. दुसऱ्यात आमची ठेंगणी आत शिरली आणि पोटात असे दोन ठोसे हाणले की सासूबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि त्या खुर्चीवर सरकल्या.

"बघितलं का, व्याही?"

"बघतोय की, विहीणबाई! पन हात खाली ठिवायलीय ती."

"ठिवू द्या. मारती तर हाय!"

तिसरा राउंड संपला तेव्हा हॉलमधलं कुणीही बसलेलं नव्हतं. पाच पंचांपैकी तिघांनी लाल कोपऱ्याला कौल दिला. सासूबाईंचा चेहरा लाल झाला. मी हात धरायच्या आत त्या खाली उतरल्या. मला वाटलं, आता पंचांची खैर नाही. पण त्या सरळ त्या मुलीकडे गेल्या आणि घामाने भिजलेल्या तिच्या गालांवरून हात फिरवून त्यांनी कडाकडा बोटं मोडली.

"हरली न्हाईस तू. आमी बघितलंय."

ती मुलगी श्वास घेत म्हणाली, "आजी, हरले मी. पण पुढच्या खेपेला बघाच."

"कवा हाय पुढची खेप?" सासूबाईंनी तिथल्या तिथे विचारून घेतलं.

बाहेर आल्यावर मिसळ खायला बसलो. बाबांचं म्हणणं, निकाल बरोबर होता. सासूबाईंनी मिठाची डबी लाल केली, लिंबाची फोड निळी केली, आणि ताटल्यांच्या मधे दुसरा राउंड पुन्हा सुरू झाला. बाबा डबी सरकवत होते, त्या लिंबू. वेटर टेबल पुसायला आला आणि त्याने डबीला हात घातला.

"थांबा!" दोघं एकदमच ओरडले.