पळत्याच्या मागे

थोरलीला लष्करी अधिकाऱ्यांच्या परीक्षेत पहिल्या खेपेला जे गुण मिळाले, ते ना धड वर ना धड खाली. पुरवठा शाखेला ते पुरेसे होते. गोदामं, ट्रक, धान्याच्या गोण्या आणि इंधनाची पिंपं यांच्यावर देखरेख करणारी अधिकारी तिला होता आलं असतं. विमान चालवायला मात्र ते थोडे कमी पडले होते, आणि तिला चालवायचं होतं ते विमानच.

निकाल कळला तेव्हा घरात आनंदीआनंद झाला. आई शिवणकाम करायची. हातातली बाही तशीच सुईखाली ठेवून ती उठली आणि शेजारी सांगून आली की आमची थोरली आता साहेब होणार. वडील लिफ्टदुरुस्तीचं काम करत. शब्द काढायचा तर त्यांच्या जिवावर यायचं. ते संध्याकाळी आले, बातमी ऐकली आणि म्हणाले, "बरं झालं." त्यांच्या मानाने हे भाषणच झालं.

"म्हणजे आता मला रोज उठून तुला सलाम ठोकावा लागणार," धाकटी म्हणाली. ती नर्सिंग शिकत होती.

थोरली हसली. पण ताटावर बसल्यावर म्हणाली, "मी परत बसणार आहे परीक्षेला."

भरतीच्या ऑफिसातल्या बाईंनी तिला नियम फोड करून सांगितला होता. परत बसता येतं, पण एकदाच. आणि दुसऱ्यांदा बसलं की पहिले गुण पुसले जातात. मग नंतरचे चांगले येवोत की वाईट, तेच खरे धरायचे. पुरवठ्यातली जागासुद्धा मग नव्या गुणांवरच मिळायची किंवा जायची. "नीट विचार करा," बाई म्हणाल्या होत्या. "मला तुम्हाला काही सुचवता येत नाही. पण नीट विचार करा."

आईला हे कळलं तेव्हा ती घासच गिळायची थांबली. "हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये, थोरले. गोदामं सांभाळण्यात काय कमीपणा आहे? वर्दी तीच ना?"

"वर्दी तीच गं, पण..." थोरलीला पुढचं सांगता आलं नाही. लहानपणी वडिलांनी तिला एकदा कामावर नेलं होतं. उंच इमारतीच्या गच्चीवरच्या लिफ्टच्या खोलीत ते तेलपाणी करत होते आणि ती बाहेर कठड्याशी उभी होती. सरावाचं एक छोटं विमान जवळून गेलं. त्याचा एक पंख जरासा कलला, आणि ते वळायच्या आधीच तिला कळलं की ते कुठे वळणार. झालं होतं ते इतकंच. एवढ्याशा गोष्टीवर कुणी आयुष्य टांगून ठेवत नाही, हे तिलाही कळत होतं. म्हणून ती कुणाला सांगायची नाही.

वडिलांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "तिचं ती बघेल," ते म्हणाले, आणि विषय संपला.

गुण कमी पडले होते ते एकाच भागात. दोन तबकड्यांची चित्रं असत. एकीवरून विमानाचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते कळायचं, दुसरीवरच्या क्षितिजाच्या रेघेवरून ते किती कललंय आणि नाक वर आहे की खाली ते. खाली चार विमानं काढलेली. त्यातलं तबकड्यांशी जुळणारं कोणतं ते सांगायचं, आणि तेही पापणी लवते न लवते तोच, कारण मागे प्रश्नांची रांग लागलेली.

थोरलीने कंबर कसली. ती एका चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची. दुकानातून सुटली की घरी येऊन सरावाची पुस्तकं काढायची. धाकटीने खोक्याचा पुठ्ठा कापून तिला एक विमान करून दिलं. ते हातात धरून थोरली तिरपं करायची, फिरवायची, नाक खाली घालायची, आणि धाकटी मोबाइलवर वेळ लावून बसायची.

सुरुवातीला गुण वाढले. आईसुद्धा मशीन चालवता चालवता विचारू लागली, "आज किती?" मग वाढ थांबली. आणि मग, काही केल्या कळेना असं का होतंय, पण गुण उतरायला लागले. आधी ती चित्र बघायची आणि उत्तर दिसायचं. त्यातली काही चुकायची, बरीच बरोबर यायची. आता दिसायचं बंद झालं होतं. आता ती विचार करायची. डावा पंख खाली, म्हणजे क्षितिजाची रेघ उजवीकडे उतरणार, की चढणार? एकदा शंका आली की पुठ्ठ्याचं विमानही खोटं वाटायचं. जितका सराव जास्त, तितका गोंधळ जास्त. हे म्हणजे पोहता पोहता हातपाय कसे हलतात ते आठवायला जावं आणि गटांगळ्या खाव्यात, तसं झालं होतं.

आईने "आज किती?" विचारलं की ती "बरे आहेत" म्हणू लागली. धाकटीला खरं माहीत होतं.

दुकानातही हात बिघडला. तिरप्या नंबराची काच ठरलेल्या अंशातच बसवावी लागते, नाही तर घालणाऱ्याचं डोकं उठतं. एका शिक्षिकेच्या चष्म्याची काच तिने उलट्या बाजूला कलती बसवली. चार दिवस डोकेदुखी सोसून बाई परत आल्या. "मला वाटलं माझंच वय झालं," त्या बिचाऱ्या म्हणाल्या. दुकानाचे मालक, ज्यांना ती काका म्हणायची, त्यांनी माफी मागितली आणि स्वतः काच बदलून दिली. बाई गेल्यावर ते एवढंच म्हणाले, "तुझ्या हातून असं कधी होत नाही गं." ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

घरी येऊन तिने धाकटीला सांगितलं. धाकटीने पुठ्ठ्याचं विमान उचलून फळीवर ठेवून दिलं. मग म्हणाली, "ताई, परत बसायचा अर्ज अजून मागे घेता येतो ना? मग घे की. पुरवठ्यात जा. ट्रक मोज. पण जा इथून."

दुसऱ्या दिवशी थोरली दुकानातून लवकर निघाली आणि भरतीच्या ऑफिसात गेली. बाई टेबलावरचे कागद आवरत होत्या. त्यांनी तिला ओळखलं. "बोला. अर्जाचं काही का? आज संध्याकाळपर्यंत बदल करता येतो."

थोरलीने तोंड उघडलं. मला अर्ज मागे घ्यायचाय, चार शब्दांचं काम होतं. बाई थांबल्या होत्या, भिंतीवरचा पंखा घरघरत होता, मागे कुणी रांगेतही नव्हतं. पण ते चार शब्द बोलले की तो पंख, तो कठडा, ते सगळं कायमचं गेलं, असं तिला वाटलं.

"पेन्सिल आपली आणायची की इथे मिळते, ते विचारायला आले होते," ती म्हणाली.

"इथे मिळते," बाई म्हणाल्या. त्यांनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. पण नियम म्हणजे नियम, त्यांना सुचवता येत नव्हतं.

परीक्षेत थोरलीपुढे तबकड्यांचा भाग आला. पहिल्या चित्रावर ती अडकली. ते सोडून पुढे जावं हे तिला कळत होतं, धाकटीनेही दहादा बजावलं होतं, तरी ती त्या एकाच चित्राकडे बघत राहिली. पुढची मग तिने घाईघाईत, अंदाजपंचे उरकली. त्या धक्क्यातून ती सावरली नाही. गणितं आणि शब्दार्थ हा तिच्या डाव्या हातचा मळ होता, पण तेही हातचे गेले.

निकाल लागला. विमानाला तर नाहीच, पुरवठ्यालाही गुण पुरले नाहीत.

तिने घरी आल्या आल्या सांगून टाकलं. धाकटी भिंतीला टेकून खाली बसली. आई मशीनवर होती. आईच्या ओठांवर ती म्हण आलेली थोरलीला स्पष्ट दिसली, आणि आईने ती गिळून टाकली तेही दिसलं. "हातपाय धू," आई म्हणाली. "वाढते." त्या दिवसानंतर आईने त्या परीक्षेचं नाव काढलं नाही. बोलली असती तर थोरली भांडली तरी असती. आता भांडायलाही कुणी उरलं नव्हतं. बसायचं तिनेच ठरवलं होतं, ऑफिसातून परत फिरली होती तीही तीच.

त्या आठवड्यात एकदा वडील नेहमीपेक्षा उशिरा आले. अंगावर कामाचे नव्हे, समारंभाला घालायचे कपडे होते. थोरलीने पाणी दिलं. ते पिऊन झाल्यावर म्हणाले, "जाऊन आलो तुझ्या ऑफिसात."

"कशाला, बाबा?"

"विचारलं, पहिले गुण परत लावता येतात का. म्हटलं, पोरीचेच होते ते. कुणाचे उसने नव्हते."

आयुष्यात या माणसाने कुणापुढे तोंड वेंगाडलं नव्हतं. मालकाकडे रजासुद्धा ते दारात उभे राहून, एका वाक्यात मागत.

"नाही म्हणाल्या," वडील म्हणाले. "नियम आहे." थोडं थांबून त्यांनी आणखी सांगितलं, "बाई चांगल्या आहेत. बसायला खुर्ची दिली."

मग ते कपडे बदलायला आत गेले. थोरली पेला हातात धरून तिथेच उभी राहिली. निकाल कळल्यापासून ती रडली नव्हती, आणि तेव्हाही तिला रडता आलं नाही.

धाकटी शिकून दुसऱ्या शहरातल्या रुग्णालयात लागली. चष्म्याच्या दुकानातल्या काकांचे गुडघे धरले, त्यांना फार वेळ उभं राहवेना, तेव्हा त्यांनी किल्ल्या थोरलीकडे दिल्या. आता दुकान तीच उघडते, तीच बंद करते, आणि तिच्या हातून काच चुकत नाही. ओळखीचे लोक आईला म्हणतात, "चला, थोरली मार्गी लागली." आई मान डोलावते. दुकानात थोरलीच्या समोरच हे बोलणं झालं, तर ती कपडा उचलून एखादी फ्रेम पुसायला घेते.