चकाचक काकूंचा वरचा मजला

गावात त्यांना चकाचक काकू म्हणत. अर्थात पाठीमागे. समोर म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण दूध केंद्रावर दूध घ्यायचं काम काकूंकडे होतं, आणि ज्याची किटली काकूंच्या मनास आली नाही त्याला ती घेऊन आल्या पावली परत जावं लागे. काकू झाकण काढत, आत नाक घालून वास घेत, मग काठाच्या खालून एक बोट फिरवत आणि ते बोट किटलीच्या मालकासमोर धरत. बोलायची गरज पडत नसे. त्या केंद्रावरचं दूध कधी नासलं नाही, हे त्यांचे शत्रूही कबूल करत. शत्रू बरेच होते.

ही शिस्त केंद्रावरच संपली असती तर लोकांनी देवाचे आभार मानले असते. पण केंद्र बंद करून काकू घरी येत आणि खरी गंमत तिथे सुरू होई. खालच्या आळीत दुमजली घर तेवढं त्यांचंच. वरच्या मजल्यावर त्यांनी पांढऱ्या फरश्या घातल्या होत्या. नदीकाठचं गाव, अर्धं वर्ष रस्त्यात चिखल, आणि फरश्या पांढऱ्या! गवंड्याने हात जोडून समजावलं होतं, की बाई, तपकिरी घ्या, मळ दिसत नाही. काकू म्हणाल्या, "मळ दिसला नाही तर पुसायचा कसा?" काका दुधाची गाडी चालवत, आणि स्वतःच्या घरात पाहुण्यासारखे राहत. फाटकाशी चप्पल, नळाखाली पाय, पायपुसण्यावर एकदा, दुसऱ्या पायपुसण्यावर आणखी एकदा, मग आत. एवढं सगळं करून आत गेल्यावर त्यांना पुन्हा बाहेर यायचा कंटाळा येई, त्यामुळे काका घरात फार रमतात असा गावाचा समज होता.

या घरात गावातला एकच माणूस कधी शिरला नव्हता, आणि तो काकूंचा सख्खा धाकटा दीर होता.

दिराची वीटभट्टी होती, गल्लीच्या पार टोकाला, उतारावर. लग्न केलं नाही. भट्टीशेजारच्या एका खोलीत एकटेच राहायचे. वरचा मजला बांधून झाला तेव्हा काकूंनी सगळ्या आळीला घर बघायला बोलावलं आणि दीर भट्टीवरून तसेच धावत आले. घराची जवळपास सगळी वीट त्यांनीच भाजून दिलेली, त्यांना उत्साह असणारच. पण जो माणूस दिवसभर माती तुडवतो त्याच्या पायांना काय असणार? काकूंनी त्यांना जिन्याच्या शेवटच्या पायरीवर अडवलं. "भावोजी, पाय." ते खाली जाऊन धुऊन आले. "टाचा राहिल्या." पुन्हा गेले, पुन्हा आले. काकूंनी वाकून पाहिलं आणि नखांकडे बोट दाखवलं. तेव्हा मागे उभा असलेला न्हावी खुदकन हसला, आणि त्याचं बघून सगळा जिना हसला.

"वहिनी," दीर म्हणाले, "माझ्या विटा चालतात, पाय चालत नाहीत." आणि जिना उतरून जे गेले ते गेलेच.

त्यानंतर भावाशी बोलायचं झालं तर ते फाटकाबाहेर उभे राहून बोलत. काकूंशी एक शब्द नाही. काकूही काही कमी नव्हत्या. "मी काय जीव मागितला होता? पाय धुवा म्हटलं," असं त्या ज्याला त्याला ऐकवत. पण रोज दुपारी काकांच्या हाती दिराचा जेवणाचा डबा न चुकता जाई. आणि संध्याकाळी तो डबा असा घासून परत येई की काकूंना त्यात आपलं तोंड दिसे. हा टोमणा आहे हे काकूंना कळे. डबा फार छान घासलाय, हेही कळे.

अशी बरीच वर्षं गेली. मग त्या वर्षी पाऊस आला तो जायचं नाव घेईना.

आधी शेतं गेली. मग भट्टीवर वाळत घातलेल्या कच्च्या विटा पाण्यात विरघळून पुन्हा माती झाल्या. काकूंनी केंद्रातले रिकामे कॅन वाहून जायला नकोत म्हणून घरी आणून वरच्या गच्चीत उपडे घातले. काका गाडी घेऊन गेले ते पुलापलीकडेच अडकले, कारण पूल पाण्याखाली गेला. आणि एके दिवशी सकाळी नदी सरळ खालच्या आळीत आली.

पाणी घरात शिरलं तसं लोकांनी वर पाहिलं. वर म्हणजे काकूंकडे. खालच्या आळीत वर असं दुसरं काही नव्हतंच. तरी पाय कुणाचा उचलेना. शिंप्याची बायको तर डोक्यावर गाठोडं घेऊन आपल्याच पत्र्यावर चढायला निघाली होती. "त्या फरश्यांपेक्षा पत्रा बरा," म्हणत होती. एवढ्यात काकूंनी जिन्याचं दार सताड उघडलं.

"काय बघत बसलात? वर या सगळे. म्हातारी माणसं आधी. आणि पाय धुऊन."

माणसं कमरेएवढ्या पाण्यातून आली होती, तरी जिन्याच्या वरच्या पायरीवर बादली होती आणि बादलीत पन्हळीचं स्वच्छ पाणी होतं. बादलीशेजारी स्टुलावर काकूंनी न्हाव्याच्या आईला बसवलं होतं. तिचे गुडघे दुखत, त्यामुळे बसून करायचं काम तिला आवडलं, आणि अधिकार मिळाल्यावर ती काकूंच्या वरचढ निघाली. पोटच्या मुलालासुद्धा तिने सोडलं नाही.

"अगं, बेंबीपर्यंत धुऊन आलोय मी," न्हावी कुरकुरला.

"गढूळ पाण्याने धुतलेलं धुतलेलं नसतं," काकू आतून म्हणाल्या. "मावशी, सोडू नका कुणाला. मी आले तरी सोडू नका."

शिंप्याच्या शेळ्यांचेही खूर धुतले गेले. शेळ्यांनी न्हाव्याइतके आढेवेढे घेतले नाहीत. दुपारपर्यंत वरच्या मजल्यावर पाय ठेवायला जागा उरली नव्हती. खिडकीत कोंबड्या, कपाटावर पोरं, पंख्याला टांगलेले ओले कपडे. काकू हातात फडकं घेऊन माणसांमधून वाट काढत होत्या आणि कुणाचं ढुंगण उचलून तर कुणाचं गाठोडं सरकवून खाली पुसत होत्या. लोक भेदरलेले होते, घरं डोळ्यांदेखत बुडत होती, पण काकूंच्या फडक्यापुढे घाबरायलाही सवड मिळत नव्हती. हळूहळू कुणी चहाची आठवण काढली, कुणी थट्टा केली. जीव वाचल्याचं हळूहळू ध्यानात येत होतं.

फक्त दीर आले नव्हते.

काकूंनी विषय काढला नाही, पण प्रत्येक पावलाच्या आवाजासरशी त्या जिन्याकडे बघत होत्या. न्हावी आणि शिंपी दोरी घेऊन त्यांना आणायला गेले होते. ते दोघेच परत आले.

"येत नाहीत," न्हावी म्हणाला. "खाटेवर विटा रचल्यात आणि वर जाऊन बसलेत. म्हणतात, माझ्या पायांना चिखल आहे, वहिनींच्या फरश्या खराब होतील." त्याला हसू येत होतं. काकूंचा चेहरा बघून ते त्याने गिळलं. "आणि काकू, त्यांची मागची भिंत फुगलीय. ती काही संध्याकाळ बघत नाही."

तेवढ्यात काकांचा फोन आला. आवाज तुटत होता. "तो आला का वर?"

"येतायत," काकू म्हणाल्या. काकांशी त्या खोटं बोलल्याचं आळीने पहिल्यांदाच ऐकलं. मग त्यांनी बाह्या वर सारल्या, गच्चीतून दोन कॅन आणले, झाकणं गच्च बसवली आणि कड्यांतून दोरी ओवली.

"काकू, तुम्हाला पोहता कुठे येतं?" शिंपी म्हणाला.

"येत नाही म्हणून तर कॅन घेतलेत. तुम्ही दोरीचं टोक धरा. आणि मला शिकवू नका."

जे कॅन काकू कुणाला ओल्या हाताने शिवू देत नसत, ते पुराच्या पाण्यात पडले. एक कॅन छातीशी धरून आणि दुसरा मागे ओढत काकू गल्लीतून निघाल्या. गल्ली त्यांच्या पायाखालची होती, पण पाण्याखाली तिची ओळखच पटेना. भट्टीपाशी मातीचा खड्डा होता हे त्यांना माहीत होतं. तो नेमका कुठे होता हे पाय घसरल्यावर कळलं. काकू दिसेनाशा झाल्या. जिन्यावरून न्हाव्याने दोरी खेचली आणि काकू वर आल्या त्या डोक्यापासून पायापर्यंत विटेच्या मातीने माखलेल्या. तोंडात माती, कानात माती. त्या थुंकल्या आणि पुढे निघाल्या.

दीर विटांच्या ढिगावर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. मांडीवर जेवणाचा डबा होता. दारातून आलेल्या त्या मातीच्या पुतळ्याकडे ते बघतच राहिले.

"कोण?"

"मी."

"वहिनी?"

इतक्या वर्षांतला हा पहिला शब्द. मग त्यांच्या डोळ्यांत हसू आलं. "दारात पाय पुसायची पद्धत नाही का?"

काकूंनी या भेटीची तयारी वर्षानुवर्षं केली होती. फडकं मारताना त्या मनातल्या मनात दिराला सुनावत असत, एकेक मुद्दा घासूनपुसून ठेवला होता. त्यातलं एकही वाक्य आता आठवेना. फुगलेल्या भिंतीवरून मातीचे खपले पडत होते आणि हा माणूस हट्टापायी तिच्याखाली बसला होता, आणि हा हट्ट त्याच्या डोक्यात आपणच घातला, एवढंच त्यांना दिसत होतं. त्यांना रडू आलं. तोंडावर एवढी माती होती की ते कुणाला कळलं नसतं, पण दिराला कळलं.

"चला," काकू म्हणाल्या.

"माझे पाय..."

"नका धुऊ."

"काय?"

"पाय नका धुऊ. आहेत तसे या."

चकाचक काकू हे बोलल्या, यावर गावात आजही कुणी विश्वास ठेवत नाही. दिरांनीही पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली असती. पण काकूंनी त्यांच्या हातातला डबा ओढून घेतला आणि म्हणाल्या, "भावोजी, भिंत पडेल हो." तेव्हा ते उतरले.

एकेका कॅनला मिठी मारून दोघं गल्लीत आले. निम्म्या वाटेवर मागे धप्पकन आवाज झाला आणि पाण्याची लाट त्यांच्या पाठीवर आपटली. दिरांनी वळून पाहिलं. खोलीच्या जागी नुसता पत्रा तरंगत होता.

"गेली," ते म्हणाले.

"जाऊ दे. तुम्ही आहात ना," काकू म्हणाल्या.

जिन्याच्या वरच्या पायरीवर न्हाव्याची आई पाण्याचा मग घेऊन सज्ज होती. "पाय," ती म्हणाली. "तूच सांगितलंस, तुलासुद्धा सोडायचं नाही."

काकूंनी तिच्या हातातला मग काढून बादलीत टाकला. "आज यांचे राहू देत, मावशी. माझेही." आणि त्या तशाच, निथळत, चपचप आवाज करत पांढऱ्या फरश्यांवरून आत गेल्या. मागोमाग दीर. आळीतली झाडून सगळी माणसं त्या पावलांकडे बघत होती. एक कोंबडी तेवढी ओरडली.

"वा," न्हाव्याला राहवेना. "मग आमच्याच पायांनी काय घोडं मारलं होतं?"

"तुम्ही कुठे रुसला होतात?" काकू म्हणाल्या.

सगळा मजला हसला. या वेळी दीरही हसले. मग त्यांनी भिंतीवर तळवा टेकवला आणि तसाच ठेवला. खालच्या मजल्यात पुराचं पाणी धडका देत होतं, पण भिंत हलत नव्हती. "घर बरं झालंय," ते म्हणाले.

"तुम्ही बघितलंय कुठे? चला, दाखवते."

आणि काकूंनी खरोखरच त्यांना घर दाखवायला सुरुवात केली. माणसांच्या पायांवरून आणि शेळ्यांच्या पाठीवरून उड्या मारत त्या पुढे, दीर मागे. हे स्वयंपाकघर. ही मोठी खिडकी, इथून नदी दिसते, आज जरा जास्तच दिसते. हा कोपरा, इथे ओल येते.

"येणारच," दीर वाकून म्हणाले. "ही वीट माझी नाही."

"तुमची कमी पडली होती."

"मला सांगायचं ना. चार दिवस थांबला असतात."

मग बोळाच्या शेवटी काकू एका बंद दाराशी थांबल्या. सकाळपासून एवढी गर्दी झाली तरी ते दार त्यांनी उघडलं नव्हतं. विचारणाऱ्याला अडगळ आहे असं सांगत होत्या. आता त्यांनी कडी काढली. आत अडगळ नव्हती. एक खाट होती, तिच्यावर धुतलेली चादर, एक कपाट, आणि भट्टीच्या बाजूला उघडणारी खिडकी. फरशी अशी पुसलेली की खिडकीचा उजेड तिच्यात दिसत होता.

"ही तुमची," काकू म्हणाल्या. "बांधली तेव्हापासून. त्या दिवशी सगळ्यात शेवटी दाखवणार होते. त्याच्या आधीच तुम्ही निघून गेलात."

दीर उंबऱ्याशी उभे राहिले. खाटेकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, फरशीकडे पाहिलं. मग एकदम वळले आणि सगळ्या माणसांमधून वाट काढत परत जिन्याकडे गेले. काकू त्यांच्यामागे धावल्या.

दीर स्टुलासमोर खाली बसले आणि त्यांनी पाय बादलीपुढे धरले. "मावशी, पाणी घाला."

"अहो, तुम्हाला माफ आहे ना?" न्हावी म्हणाला.

"ते वहिनींच्या घरात," दीर टाचा घासत म्हणाले. "आता मला माझ्या खोलीत जायचंय."