दोन डाव्या बाह्या आणि डोक्याचा पट्टा

मास्तरांच्या शिंपीकामाच्या दुकानात मापाची वही नव्हती. चोपन्न वर्षांत कधीच नव्हती. गिऱ्हाईक दारातून आत आलं की मास्तर त्याला एकदा खालून वर बघायचे, मग गळ्यातला टेप निव्वळ त्याच्या समाधानाखातर अंगाभोवती फिरवायचे. माप डोक्यात जाऊन बसलं की बसलं. माणसं सुटली, वाळली, एकदोन तर वरही गेली. मापं मास्तरांपाशी जशीच्या तशी.

आणि मग वकीलसाहेबांचा कोट झाला.

कोटाला बाह्या दोन होत्या, तिथपर्यंत सगळं ठीक होतं. फक्त दोन्ही डाव्या होत्या. वकीलसाहेब पडले भिडस्त. ते तसाच कोट घालून कोर्टात गेले आणि दिवसभर त्यांचा उजवा हात आपोआप मागे वळत राहिला. त्यांनी हाक मारली असं समजून मागच्या बाकावरचा माणूस तीनदा उठून पुढे आला.

दुकान आता मास्तरांची लेक सांभाळत होती. तिने कोट पाहिला, बाह्या पाहिल्या, बाबांकडे पाहिलं. मग कापायची मोठी कात्री उचलून कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली त्यांच्या डोळ्यांदेखत आपल्या कोटाच्या आतल्या खिशात टाकली.

"बाबा, डोक्याचं काहीतरी करून घ्या. त्यात पास झालात की कात्री तुमची."

"आणि नापास झालो तर?"

"तर गिऱ्हाइकांशी गप्पा मारा. तेही कुणीतरी करायला हवंच."

चोपन्न वर्षं कात्री चालवलेल्या मास्तरांना गप्पा मारायला बसवणं! ते दोन दिवस जेवले नाहीत. म्हणजे जेवले, पण न बोलता.

एक संशोधन केंद्र तपासत होतं की म्हाताऱ्या माणसांच्या मेंदूला घरच्या घरी, रोज थोडा वेळ, अगदी सौम्य वीज दिली तर स्मरणशक्ती सुधारते का. लेकीने बाबांचं नाव घातलं. आठवड्याभरात खोकं आलं. आत डोक्याला बांधायचा इलॅस्टिकचा पट्टा, पट्ट्यात दोन स्पंज, ते भिजवायला मिठाचं पाणी, मुठीएवढं यंत्र आणि एक टॅबलेट. सकाळी दहाच्या ठोक्याला त्या टॅबलेटवर संशोधनवाली मुलगी उगवायची.

"आजोबा, पट्टा नीट बसला? मुंग्या आल्यासारखं होतंय?"

"आजोबा नाही, मास्तर. मुंग्या येतायत. पण पोरी, हे खरंच चालू आहे ना?"

"ते मलाही माहीत नसतं. काही यंत्रं खरी असतात, काही नुसती दिखाऊ. कुणाकडे कुठलं, हे शेवटी उघडायचं."

"म्हणजे नाटकातली तलवार."

"तसंच समजा. आता चित्रं बघा. बारा फळं दाखवते, मग विचारते."

बारा फळं यायची, जायची. मास्तरांना एक आठवायचं, फार तर दोन.

"प्रयत्न करा, मास्तर."

"केळं. आणि तुझे खांदे साडेचौदा. मान घालून बसतेस म्हणून कमी दिसतात."

मुलगी लिहून घ्यायची: फळं, एक.

वीज मास्तरांना सोसली. पट्टा मात्र सोसेना. मागची शिवण वाकडी होती, आणि वाकडी शिवण रोज वीस मिनिटं डोक्यावर वागवायची म्हणजे एखाद्या गवयाला बेसूर पेटीशेजारी झोपवण्यासारखं. पाचव्या दिवशी त्यांनी कॉलरमागे टोचलेली सुई काढली, शिवण उसवली, पट्टा थोडा आत घेतला आणि टाके घातले. पट्टा असा बसला की जन्मतःच डोक्यावर असावा.

तेवढ्यावर भागलं असतं. पण दर पंधरवड्याला सगळ्यांनी आपापलं यंत्र घेऊन केंद्रात यायचं, असा नियम होता. बाहेरच्या खोलीत सात म्हातारी डोकी रांगेत बसलेली. कुणाचा पट्टा भुवयांवर घसरलेला, कुणाचा कानाला काचतोय. मास्तरांच्या हाताला खाज सुटली.

"बाई, जरा इकडे वळता?" त्यांनी शेजारच्या टायपिस्टबाईंना विचारलं. बाईंना नोकरीतून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली होती, पण बोटं अजून पर्सवर टकटकत असायची.

"काचतोय हो फार," बाई म्हणाल्या. "दोरा आहे माझ्याकडे. काळा चालेल?"

संशोधनवाली मुलगी बोलवायला येईपर्यंत सहाच्या सहा पट्टे आत घेऊन झाले होते. जो तो डोकं हलवून बघत होता, नव्या बुटात चालून बघावं तसं.

पुढच्या पंधरवड्याला मुलीने सगळ्यांना पट्टे घालून ओळीने बसवलं आणि ती थबकली. कपाळावर हवे ते स्पंज सातही डोक्यांवर कानशिलाकडे सरकलेले. वीज पंधरा दिवस भलत्याच जागी जात होती. तिने मोठ्या डॉक्टरांना बोलावलं.

"पट्ट्यांना हात कुणी लावला?" मोठे डॉक्टर म्हणाले. "ज्याने लावला, तो प्रयोगातून बाद."

खोलीच्या कोपऱ्यात लेक पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. बाद म्हणजे नापास. नापास म्हणजे कात्री गेली.

टायपिस्टबाईंनी ते बघितलं आणि मान वर केली. "मला नाही बाई आठवत."

"मलाही नाही," पलीकडचे गृहस्थ म्हणाले.

"कसले पट्टे?" तिसरे म्हणाले.

रांग संपली. सातांपैकी सहांना काही आठवत नव्हतं, सातवे गप्प होते. डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला. "पंधरा दिवसांपूर्वी तुम्ही सगळे इथे आला होता. तेही आठवत नाही?"

"अगं बाई, आम्ही आलो होतो?" टायपिस्टबाई म्हणाल्या. त्यांना आता रंग चढला होता. "आणि तुम्ही कोण?"

डॉक्टर मुलीकडे वळले. "बंद करा. सगळी यंत्रं जमा करा. वीज भलतीकडे गेली आणि सगळ्यांची स्मृती गेली. प्रयोग आजच थांबवायचा, वर कळवायचं."

मुलगी यंत्रं गोळा करू लागली. दोन वर्षांचं काम होतं तिचं. मास्तरांनी तिचे खांदे पाहिले. साडेचौदाचे खांदे, या क्षणी चौदासुद्धा भरले नसते.

"थांबा," मास्तर उठले. "कुणाचं काही गेलेलं नाही. ही मंडळी मला पाठीशी घालताहेत. पट्टे मी आत घेतले."

"अहो मास्तर, बसा की खाली!" टायपिस्टबाई कळवळल्या. "इतकं छान चाललं होतं!"

"किती आत घेतले?" डॉक्टरांनी विचारलं. "लिहून ठेवलंय?"

"लिहायचं कशाला? बाईंचं डोकं एकवीस इंच तीन सूत, पट्टा सव्वा इंच आत. हे पलीकडचे, बावीस, पाऊण इंच. त्यांच्या शेजारी साडेतेवीस. डोकं मोठं, पण पट्टा त्याहून मोठा, दीड घ्यावा लागला."

मास्तर एकेक डोकं सांगत गेले आणि मुलगी फायली उघडून घेर ताडून बघत होती. सेंटिमीटरचे इंच करायला तिला कॅल्क्युलेटर लागत होता. मास्तरांना लागत नव्हता. सातही बरोबर निघाले.

"सर, स्पंज किती सरकला तेही यावरून काढता येईल," ती म्हणाली. "पंधरा दिवसांची नोंद वाया जात नाही."

"कुठल्या बाजूने घेतलंत?" डॉक्टरांनी मास्तरांना विचारलं.

मास्तरांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि नुसता हात कानामागे नेऊन दाखवला.

"आणि कापलेलं नाही काही," ते घाईने म्हणाले. "उसवलं की पूर्ववत. कापायला आहे काय माझ्याकडे!"

प्रयोग वाचला. मास्तर बाद झाले. नियम म्हणून जाता जाता त्यांची फळांची परीक्षा घेतली. बारापैकी एक. केळं.

बाहेर पायऱ्यांवर मास्तर म्हणाले, "नापासच की मग."

"फळांत नापास," लेक म्हणाली. "आपण फळं शिवत नाही." ती पर्स चाचपू लागली. मग पिशवी. मग परत पर्स. "किल्ली कुठे ठेवली मी?"

"तुझ्या कोटात. आतला खिसा मीच शिवलाय, साडेचार बाय पाच, निळ्या अस्तराचा. डाव्या अंगाला."

तिने डाव्या अंगाला हात घातला. तिथे सपाट अस्तर होतं. मग उजव्या. तिथे साडेचार बाय पाचचा निळा खिसा होता, आणि खिशात किल्ली.

लेकीने एकदा खिशाकडे पाहिलं, एकदा बाबांकडे. तिने किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली. मास्तरांनी मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली.

"कापेन मी," ते म्हणाले. "बाह्या तू लावत जा."