टॅक्सीच्या इंजिनाचं शिलंगण

स्पोर्ट्स कारमध्ये टॅक्सीचं इंजिन बसवलं म्हणून ज्यांचं मन दुखतं, त्यांच्याशी मी हल्ली वाद घालत नाही. पूर्वी घालायचे, तावातावानं घालायचे. आता नुसतं विचारते, तुमची गाडी शेवटची कधी चालवलीत? मग ते पॉलिशबद्दल बोलायला लागतात.

माझी गाडी दोन माणसांची, बुटकी, लांब नाकाची आणि हिरवी. पोलीस ॲक्शननंतर हैदराबादहून आमच्या शहरात आलेल्या एका डॉक्टरांनी ती आणली होती. त्यांच्या मागं मुलांनी इंजिन विकून टाकलं आणि सांगाडा अंगणात पाऊस खात पडला. मी तेव्हा चितेगावच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते, अख्ख्या खात्यात एकटी बाई. घरी आई आणि दादा माझ्यासाठी स्थळं बघत होते. मी एका रविवारी तो सांगाडा ट्रॅक्टरला बांधला आणि गारखेड्याला घरी आणला. तेव्हा गारखेड्यात घरं तुरळक होती आणि शेतं जास्त. घराला लागून पत्र्याची शेड होती. वडील होते तोवर तिथं बैल बांधायचे. ते गेले, बैलही विकले, शेड रिकामीच होती. मी कुणाला न विचारता गाडी तिथं लावली. विचारलं असतं तर 'नाही'च ऐकू आलं असतं, मग विचारायचं कशाला?

इंजिन मिळालं ते एका अपघातात मागून चेपलेल्या टॅक्सीचं. लोक हसले. पण हसणाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं की आपल्याकडच्या त्या जुन्या टॅक्सीचं इंजिन आणि डॉक्टरांच्या गाडीचं मूळ इंजिन, दोघांचं घराणं एकच. डॉक्टरांच्या घरून एक पिंपभर सुटे भाग मी उचलून आणले होते. त्यात मूळ गाडीचे दोन्ही कार्बोरेटर निघाले आणि ते टॅक्सीच्या इंजिनावर असे बसले की जणू तिथंच जन्मले होते. टॅक्सीला एकाच कार्बोरेटरची सवय. तिला आता दोन नाकपुड्या मिळाल्या होत्या.

इंजिन ज्या पायांवर उभं राहतं ते पाय शहागंजातल्या एका वेल्डिंगवाल्या चाचांनी करून दिले. चाचा मनानं मोठे आणि जिभेनं तिखट. आमचं एका गोष्टीवर कधीच पटलं नाही. चाचा प्लगचा रंग बघून पेट्रोल कमी-जास्त करायचे आणि मी रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून आत जाणाऱ्या हवेचा आवाज ऐकायचे. दोन्ही तोंडांतून सारखा फुस्सकार आला की दोन्ही सारखी हवा ओढतायत असं समजायचं. चाचा म्हणायचे, "बेटी, टॅक्सी का दिल है. इसकू इत्ते नखरे नक्को सिखाओ." मी म्हणायचे, "चाचा, दिल टॅक्सीचं असलं म्हणून काय झालं? तिलाबी पळायची हौस असते की."

दादाला ही हौस पटत नव्हती. त्यानं त्या वर्षी कापसाचा व्यापार धरला होता. सिल्लोडकडचा कापूस दसऱ्यापासून यायला लागणार होता आणि तो ठेवायला त्याला शेड हवी होती. मागणी रास्त होती, हे मी तेव्हाही कबूल केलं असतं. पण त्यानं मला न सांगता भंगारवाल्याला बोलावून गाडी दाखवली, ते मात्र मी सोडून द्यायला तयार नव्हते. पोळ्याच्या जेवणाला चुलते, चुलतभाऊ सगळे जमले होते. तिथं मी विषय काढला आणि चांगला आवाज चढवला. दादा जेवता जेवता म्हणाला, "असं करू. दसऱ्याला शिलंगणाच्या टायमाला ती गाडी सोताच्या ताकदीनं शीव वलांडून दाखवंल, तर ऱ्हाईल. नाय वलांडली तर दुसऱ्या दिवशी भंगारात."

सगळे हसले. शिलंगण म्हणजे सीमोल्लंघन. दसऱ्याला गावची शीव ओलांडायची, आपट्याचं सोनं घेऊन परतायचं. मी म्हणाले, "कबूल." तेव्हा इंजिन गाडीत बसलेलं होतं, पण एकदाही चालू झालं नव्हतं.

इंजिन बसवणं हे खरं तर सोपं काम. ताकद लागते, क्रेन लागते, शिव्या लागतात. अवघड असतं ते त्यापुढचं. बॉनेट बंद होईना, कारण नवं इंजिन चार बोटं उंच निघालं. चाचांनी चरफडत पाय कापून पुन्हा जोडले. ॲक्सिलरेटर दाबला की एक कार्बोरेटर उघडायचा आणि दुसरा जरा उशिरानं, म्हणून दोघांना जोडणारी सळी मी पुन्हा पुन्हा वाकवली. ठिणगी नेमकी कधी पडावी, हे डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवून, पुन्हा केसभर मागं आणून ठरवायचं असतं. कारखान्यातून आले की हातपाय न धुता मी शेडमध्ये शिरायचे. आई दारात येऊन म्हणायची, "ह्या हातांना मेंदी तरी रंगंल का गं?" मी म्हणायचे, "नाय रंगणार."

नवरात्रात अष्टमीच्या संध्याकाळी ती पहिल्यांदा धड चालली. नळी कानाला लावली, पुढच्या तोंडाला फुस्स, मागच्या तोंडाला फुस्स, दोन्ही एकसारखे. चाचांनी प्लग काढून बघितला, फिकट तपकिरी. त्यांचं आणि माझं पहिल्यांदाच एकमत झालं आणि दोघांनाही ते जड गेलं. कार्बोरेटरच्या तोंडांवरचे एअर फिल्टर तेवढे बसवायचे राहिले होते. म्हटलं, शेवटचं एकदा ऐकू आणि मगच बसवू. बॉनेट उघडं ठेवून मी झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. कारखान्यात यंत्रांची पूजा असते आणि मेंटेनन्सवाल्यांना सकाळपासून हजर राहावं लागतं. परत आले तर घरी आईनं माझ्या हत्यारांची पूजा उरकलेली. माझे सगळे पाने, पक्कड, हातोडी, स्क्रू ड्रायव्हर पाटावर मांडून हळदीकुंकू आणि झेंडू वाहिलेला. गाडीला हार, चाकांना गंध, बॉनेट मिटून त्यावर स्वस्तिक. वडिलांच्या तिफणीची आणि विळ्यांची पूजा ती करायची. माझ्या पान्यांची पूजा तिनं पहिल्यांदाच केली होती. आमच्या घरी पूजेत मांडलेलं हत्यार शिलंगणाहून परत येईपर्यंत कुणी उचलत नाही. मीही उचललं नाही. गाडी झालीच होती, आता हत्यार कशाला लागतंय?

दसऱ्याच्या दुपारी पुरुषमंडळी फेटे बांधून अंगणात जमली. वहिनी बाळंतपणाला माहेरी गेलेली, त्यामुळं घरात बाया म्हणजे आई आणि मी. मी चावी फिरवली. इंजिन लागलं. ॲक्सिलरेटर दाबला आणि ते खोकलं, गुदमरलं, बंद पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. नुसतं हळूहळू धुगधुगायचं आणि दाबलं की जीव सोडायचं. चुलत्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "टॅक्सीच ती. मीटर टाका, मंग चालंल." हशा झाला. माझ्या कानशिलापर्यंत आग गेली.

मी बॉनेट उघडलं. ठिणगी? परवा ठीक होती, कुणी हात लावलेला नाही. पेट्रोल? येत होतं. नळी धरली तर दोन्ही तोंडांत आवाज जेमतेम. या कार्बोरेटरच्या तोंडात एक चकचकीत दट्ट्या असतो. हवा ओढली गेली की तो आपोआप वर सरकतो, सोडली की टक्कन खाली बसतो. मी बोट घालून तो उचलायला गेले. हलेना. दुसरा, तोही हलेना. वाकून पाहिलं तर दोन्ही दट्ट्यांवर कालवलेलं कुंकू, हळद आणि कडेच्या फटीत चिकटून वाळलेल्या अक्षता.

"आई, हे काय केलंस?"

आई पदराला हात पुसत आली. "काय म्हंजे? त्याची दोन तोंडं दिसली. आत चकाकत व्हतं. म्हणलं, तोंडाला लावावं, नुसतं पत्र्याला काय लावायचं?"

दादा पोट धरून हसला. "झालं! पूजेनंच बंद पडली. चला, शिलंगणाला उशीर व्हतोय."

वरचा डोम, म्हणजे कार्बोरेटरचं टोपण, काढला असता तर दट्ट्या हातात आला असता. त्याला स्क्रू, आणि स्क्रू ड्रायव्हर देवापुढं पाटावर. मी घराकडं वळले तसा दादा आडवा आला. "पूजेतलं उचलायचं नाय. आल्यावर उचल." आल्यावर! आल्यावर उचलून मी काय भंगारवाल्याला मदत करणार होते? मी ओरडलेच, "हत्याराची पूजा करायची आणि हत्याराला काम करू द्यायचं नाही, ही कसली भक्ती रे? देवीनं काय हातात तलवार मिरवायला धरली होती का?" एक चुलते म्हणाले, पोरीची जीभ लई सुटलीय. सुटली होतीच. ती मी आवरणार नव्हते.

या सगळ्या गलक्यात आई आत गेली होती. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात स्क्रू ड्रायव्हर होता, मुठीला झेंडूची पाकळी चिकटलेली.

दादा म्हणाला, "आई, अगं पूजेतला..."

"पूजा म्या मांडली, म्या उचलला. देवीचं माझं मी बघून घेईन." आणि मला म्हणाली, "घे. कुठं काय पुसायचं ते सांग. माझ्या हातानं लागलंय."

आम्ही दोघींनी ते काम केलं. मी डोम काढले, तिनं पेट्रोलमध्ये फडकं बुडवून दट्टे पुसले, एकेक अक्षत नखानं काढली. तिला एकदा सांगितलं की इथं ओरखडा चालत नाही, पुन्हा सांगावं लागलं नाही. पुरुषमंडळी फेटे बांधून उभीच्या उभी. सगळं परत बसवून मी दट्ट्या बोटानं उचलून सोडला. टक. दुसरा. टक. इंजिन लावलं, नळीचं टोक आईच्या कानाला दिलं. पुढं ऐकवलं, मागं ऐकवलं. "मागचं जरा बारीक वाटतंय," ती म्हणाली. बारीकच होतं. मी स्क्रू हलकासा फिरवला, ती मान हलवेपर्यंत. मग ॲक्सिलरेटर दाबला आणि शेडचा पत्रा थरथरला.

कुणी हसलं नाही. दादानं हात पुढं केला. "आण चावी. म्या घेऊन जातो. शिवंवर बाया जात नसत्यात."

"गाडीनं शीव ओलांडायची असं ठरलं होतं," मी म्हणाले. "तू चालवायचीस असं नव्हतं ठरलं."

"त्यात ठरवायचं काय?"

मी सीटवर बसले आणि दार लावून घेतलं. चावी मी दिली नाही, देणारही नव्हते, मग त्यानं दुसऱ्या दिवशी गाडी माझ्यासकट भंगारात घातली असती तरी चाललं असतं. तेवढ्यात पलीकडचं दार उघडलं. जन्मात कधी ट्रॅक्टरवरही न बसलेली माझी आई पदर खोचून, गुडघा दाबत, त्या बुटक्या सीटमध्ये उतरली. गाडी दोनच माणसांची. दादाला बसायला जागाच उरली नाही.

शिवेपर्यंतच्या रस्त्यात नाल्यापुढं चढ आहे. तिथं मी गिअर बदलला आणि पाय पूर्ण दाबला. टॅक्सीचं ते इंजिन आयुष्यभर सवाऱ्या वाहून दमलेलं असेल असं वाटत होतं. ते असं उसळलं की आई खिदळली, पोरीसारखी. मीही हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. वाऱ्यानं नव्हे. शिवेवरचा शेंदराचा दगड मागं पडला. मी गाडी वळवून आपट्याजवळ थांबवली. मागून चालत आलेल्या एका म्हाताऱ्या चुलत्यांनी आम्हाला बघून तोंड फिरवलं. आईनं बसल्या जागेवरून पानं पुढं केली. "भावजी, सोनं घ्या." त्यांना घ्यावं लागलं.

शिलंगणाहून आलेल्याला घरच्या बायका उंबऱ्यात ओवाळतात, त्याशिवाय तो आत येत नाही. आम्ही परतलो तेव्हा दारात दादा हाताची घडी घालून उभा होता. तो शिलंगणाला आलाच नव्हता. आई गाडीतून उतरली नाही.

"ताट आण," ती म्हणाली.

"म्या?"

"मंग कोण? घरात दुसरं हाय का कुणी?"

त्यानं हाताची घडी सोडली. मग आत गेला आणि निरांजन लावून ताट घेऊन आला. ताट कुठून कसं फिरवायचं हे त्याला माहीत नव्हतं. आधी आईला ओवाळलं, मग गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आला. माझ्याकडं न बघता त्यानं मला ओवाळलं. इंजिन मी बंद केलं नाही. त्याचं ओवाळून होईपर्यंत ते चालू ठेवलं, आणि ते एकदाही अडखळलं नाही.