वाचनालयामागचं कुलूप

दुपारची जेवणाची सुट्टी होती. हिंगोलीतल्या आमच्या कार्यालयात मी नुकताच डबा उघडला होता, तेवढ्यात वसमतहून दत्ताकाकांचा फोन आला. दत्ताकाका म्हणजे वसमतच्या आमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल. एरवी ते आधी पाऊसपाणी विचारतात, मग नोकरीचं, आणि मग मुद्द्यावर येतात. त्या दिवशी थेट म्हणाले, "पोरी, सिस्टर गेल्या." सकाळी नेहमीसारख्या पेपर वाचायला आल्या होत्या, अग्रलेखावरून कुणाशी तरी भांडल्या, घरी जाऊन जरा आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. मी डबा तसाच बंद केला आणि मिळेल त्या एसटीने निघाले.

वाचनालयाच्या दारात एक फळा आहे. त्यावर रोज सुविचार असतो. त्या दिवशी तिथं खडूने लिहिलं होतं, 'शांत, संयमी व मनमिळाऊ स्वभावाच्या वत्सलासिस्टर यांचे दुःखद निधन.' मी ते दोनदा वाचलं. सिस्टर शांत नव्हत्या. संयमी तर मुळीच नव्हत्या. आणि मनमिळाऊ म्हणाल, तर त्यांच्याशी एकदाही न भांडलेला माणूस या गावात शोधावा लागेल. माणूस गेला की त्याच्यावर रंधा मारून त्याला गुळगुळीत करायची आपल्याकडे रीत आहे. सिस्टरांच्या बाबतीत ती मला मान्य नाही. म्हणून महिना उलटल्यावर हे लिहायला बसले आहे.

वत्सलासिस्टर आरोग्य उपकेंद्रात नर्स होत्या. सगळी नोकरी आडवळणाच्या गावांत, कंदिलाच्या उजेडात बायकांची बाळंतपणं करण्यात गेली. निवृत्त झाल्यावर त्या वसमतला लेकीजवळ राहायला आल्या आणि सामान लागायच्या आत वाचनालयात आल्या. समोरच्या हॉलमध्ये लांबलचक टेबल, त्यावर दिवसाचे पेपर आणि भोवती सगळी गडी माणसं. बायका यायच्या, पण काउंटरवरून पुस्तक बदलून पदर सावरत निघून जायच्या. सिस्टर सरळ त्या टेबलाशी जाऊन बसल्या. शेजारच्या दोघांनी खुर्च्या लांब सरकवून घेतल्या. बाई म्हणून सरकवल्या की त्यांच्या हातातल्या पिशवीवर 'जयभीम' छापलेलं होतं म्हणून, ते त्यांनाच ठाऊक. सिस्टरांनी ती मोकळी झालेली जागा पाहिली, तिथं आपली पिशवी ठेवली आणि पेपर उघडला. एक जण अगदी गोड आवाजात म्हणाला, "सिस्टर, तुमी घरीच पेपर लावा की. कशाला एवढी तकलीफ?" त्या पेपरातून डोकं न काढता म्हणाल्या, "घरी लावला तर भांडायला तुमी थोडेच येताव?"

आम्ही पोरी आतल्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटांमधल्या टेबलावर अभ्यासाला बसायचो. भरतीच्या परीक्षा, स्पर्धा परीक्षा. बहुतेक सगळ्या खेड्यांतून एसटीने येणाऱ्या. माझ्या घरी हळदीची शेती, घरात अभ्यासाला जागा नाही, म्हणून बाबांनी मोठ्या मिनतवारीने मला पाठवलं होतं. सकाळच्या गाडीने यायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परतायचं. एके दिवशी सिस्टर आमच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. उन्हाळा भरात होता, पंखाही गरमच वारा फेकत होता. त्या आमच्याकडे पाहत होत्या आणि आम्हाला वाटलं, काय वाचतोय ते बघतायत.

"काहून गं, पाणी पीत न्हाईत तुमी?"

पोरींनी पुस्तकांत डोकी खुपसली. शेवटी मी म्हणाले, "तहान लागत न्हाई."

"वैशाखात तहान लागत न्हाई? उंट हायेस का तू?"

पोरी हसल्या. पण सिस्टर हसल्या नाहीत. त्यांना उत्तर कळलं होतं. वाचनालयामागे गड्यांसाठी पत्र्याचं दार लावलेली मुतारी होती. बायकांसाठी काहीच नव्हतं. आम्ही घरून निघताना जाऊन यायचो आणि परत घरी पोचेपर्यंत दाबून धरायचो. म्हणून पाणीच प्यायचं नाही. गंमत अशी, की आम्ही सगळ्याच तसं करत होतो आणि एकमेकींना कधी बोललो नव्हतो. प्रत्येकीला वाटायचं, ही आपल्या एकटीचीच अडचण आहे.

पुढे काही दिवसांतच मी आजारी पडले. थंडी वाजून ताप, ओटीपोटात कळा, लघवीला आग. बाबा म्हणाले, उष्णता झाली, बस झालं आता वाचनालय. मी येत नाही हे पाहून सिस्टरांनी दत्ताकाकांकडून गावाचं नाव विचारून घेतलं आणि ऑटोने थेट आमच्या दारात उतरल्या. ओसरीवर बाबा बसले होते, शेजारचे दोघं चहाला आलेले, आई दाराआड. सिस्टरांनी माझी नाडी पाहिली, डोळे पाहिले, चार प्रश्न विचारले आणि बाबांकडे वळल्या.

"दादा, लेकरू अभ्यासानं आजारी पडलं न्हाई. दिवसभर लघवी दाबून धरतंय म्हणून पडलंय. तिथं बायकांसाठी मुतारी न्हाई."

बाबा इकडंतिकडं पाहू लागले. "सिस्टर... जरा हळू बोला."

"हळू बोलून बोलूनच हे झालं, दादा."

शेजारचे दोघं चहा अर्धा ठेवून उठले. दाराआडून आई बाहेर आली आणि पहिल्यांदाच बाबांसमोर बोलली, "बराबर बोलून राहिल्या त्या." दुसऱ्या दिवशी सिस्टरच मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. तपासणी, गोळ्या, भरपूर पाणी. बाबा म्हणाले, बरी होऊ दे, मग बघू. आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही'. सिस्टर म्हणाल्या, "बघू न्हाई. बरी झाली की एसटीत बसवायची. पुढचं माझ्याकडं."

पुढचं म्हणजे समिती. वाचनालयाच्या समितीचे अध्यक्ष अण्णा, भला माणूस, पांढराशुभ्र नेहरूशर्ट, बोलणं मऊ. सिस्टर आम्हा पोरींना घेऊन बैठकीला गेल्या. अण्णा म्हणाले, "सिस्टर, हे ज्ञानाचं मंदिर आहे. इथं असले विषय बरे दिसत नाहीत."

"मग मंदिरामागं गड्यांसाठी जे बांधलंय ते काय हाय? गाभारा?"

कुणीतरी खोकलं. अण्णा म्हणाले, जागा नाही, अनुदान नाही, पुढच्या वर्षी नक्की विचार करू. बैठक संपली. बाहेर आल्यावर मला रडू फुटलं. सिस्टर म्हणाल्या, "रडायला काय झालं? न्हाई म्हणायचं त्यायचं काम, ते त्यायनी केलं. आता आपलं काम."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपल्या घराचं पितळी कुलूप आणलं, गड्यांच्या मुतारीच्या पत्र्याच्या दाराला लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि टेबलाशी येऊन पेपर वाचू लागल्या. चहा पिऊन आलेली मंडळी मागे जात, परत येत, पुन्हा जात. शेवटी कुणीतरी विचारलं, हे कुणी केलं? सिस्टर म्हणाल्या, "मी. सगळ्यायसाठी न्हाई, तर कुणासाठीच न्हाई." एक निवृत्त मास्तर होते, साखरेचे पेशंट. ते घामाघूम होऊन समोर उभे राहिले, तेव्हा मात्र सिस्टरांनी मुकाट्याने किल्ली काढून दिली. "तुमी पेशंट. तुमाला सूट." मास्तरांनी किल्ली परत आणून दिली ती मान खाली घालून. त्यानंतर ते सिस्टरांच्या बाजूच्या खुर्चीवर बसू लागले.

अण्णा धावत आले. "सिस्टर, हे बेकायदेशीर आहे!"

"बराबर हाय. जा पोलिसात. तक्रारीत नीट लिहा काय बंद केलंय ते, आणि काहून केलंय तेबी."

अण्णा काही पोलिसात गेले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी कुलूप हातोड्याने फोडलेलं सापडलं. सिस्टरांनी तुटकं कुलूप उचललं, उलटसुलट पाहिलं आणि आमच्याकडे पाहिलं. त्यांनी आम्हाला काही सांगितलं नाही, हे मला इथं स्पष्ट लिहायचं आहे, कारण 'त्या बाईनं पोरींना भडकवलं' असं पुढे गावभर झालं. आम्हीच सतरंजी उचलली आणि त्या पत्र्याच्या दारासमोर अंथरून पुस्तकं घेऊन बसलो. ऊन डोक्यावर, मागे तो वास, समोर बाजाराचा रस्ता. लोक थांबून बघायला लागले. एकाने मोबाइल काढून फोटो घेतला. आम्ही ओढण्या तोंडावर ओढल्या, तेव्हा सिस्टर खुर्ची घेऊन आमच्या मध्ये येऊन बसल्या. "तोंडं उघडी ठेवा गं. आपण काय चोरलंय?"

आणि त्याच दिवशी बाबा हळद घेऊन बाजारात आले होते. गर्दीत मला त्यांची टोपी दिसली आणि मी सिस्टरांच्या खुर्चीआड सरकले. भर बाजारात आपली लेक मुतारीसमोर बसलेली... त्यांनी गर्दीतूनच माझ्याकडे पाहिलं. मग वळून निघून गेले. मला वाटलं, संपलं. थोड्या वेळाने टेम्पो येऊन थांबला. बाबांनी हळदीवरची ताडपत्री ओढून काढली, एक टोक झाडाला, एक खिडकीच्या गजाला बांधलं आणि आमच्यावर सावली केली. "ऊन लागून राहिलं," एवढंच म्हणाले, तेही सिस्टरांना. घरी गेल्यावर ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. पण एसटीही बंद केली नाही.

समिती शेवटी नमली. वाचनालयाच्या बाजूला जुन्या पेपरांच्या गठ्ठ्यांची एक खोली होती, ती रिकामी करून बायकांसाठी संडास-मुतारी झाली, नळ बसला. तरी भांडण संपलं नाही. समितीने त्याला कुलूप लावलं आणि किल्ली दत्ताकाकांकडे ठेवली. म्हणजे जायचं तर भरल्या हॉलमधून जाऊन गडी माणसाकडे किल्ली मागायची. सिस्टरांनी कुलूप काढून अण्णांच्या हातात ठेवलं आणि दाराला आतल्या बाजूने कडी बसवून घेतली. मग बाजारात भाजी विकणाऱ्या बायका येऊ लागल्या. तक्रार आली, या वाचक नाहीत. सिस्टर म्हणाल्या, "मग वाचक करून घ्या." आणि खरंच, त्यांतल्या दोघी-तिघी जाता-येता पेपरच्या टेबलाशी रेंगाळू लागल्या. त्यांना सिस्टर मोठ्याने बातम्या वाचून दाखवत. 'शांतता राखा' या पाटीखाली बसून.

मी काही मोठी साहेब झाले नाही. दोन परीक्षा हुकल्या, मग लिपिक म्हणून लागले. पेढे घेऊन गेले तर सिस्टर म्हणाल्या, "लिपिक का असंना, खुर्ची तुझी हाय. कुणी उठ म्हणलं तर आधी कागद मागायचा." ते मी पाळते. कार्यालयात मला भांडकुदळ म्हणतात. मला त्याचं वाईट वाटत नाही.

त्यांच्या अंत्ययात्रेत पांढरी लुगडी नेसलेल्या बायका पुढे होत्या. त्रिसरण-पंचशील झालं, लेकीने अग्नी दिला. बायकांनी स्मशानात येऊ नये, असं कुणी म्हटलं नाही. म्हणण्याची कुणाची टाप नव्हती. पुढच्या आठवड्यात वाचनालयात शोकसभा झाली. अण्णा हार घातलेल्या फोटोशेजारी उभे राहून म्हणाले, "सिस्टरांचं समितीला सदैव सहकार्य लाभलं." मास्तर पहिल्या रांगेत होते, ते मोठ्याने हसले. मग मीही हसले, मग भाजीवाल्या हसल्या. शोकसभेत हसू नये म्हणतात. पण त्या हसण्याशिवाय ती सभा सिस्टरांची झालीच नसती.

गेल्या आठवड्यात पुन्हा दत्ताकाकांचा फोन. संध्याकाळी सहा वाजले की समितीवाले पोरींना 'अंधार पडतो, घरी जा' म्हणून उठवतात आणि गडी माणसं आठपर्यंत पेपर वाचत बसतात. परवापासून पोरी उठतच नाहीत म्हणे. मी विचारलं, "त्यांना कुणी सांगितलं?" ते म्हणाले, "सांगायला आता कोण राहिलंय? आपल्या आपणच बसून राहिल्यात."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले. हॉलमधले दिवे लागले होते. पोरी आतल्या खोलीतून उठून समोरच्या लांब टेबलाशी येऊन बसल्या होत्या. मी यातल्या एकीलाही ओळखत नव्हते. अण्णा घड्याळाकडे पाहत उभे होते, थकलेले दिसले. मधल्या खुर्चीतल्या चष्म्यावाल्या पोरीने पेपरातून मान वर केली, शेजारची खुर्ची ओढली आणि अगदी शांतपणे म्हणाली,

"बसा की अण्णा. आमचं अजून वाचून व्हायचंय."