आधी ठिकाण सांगा

लोकांच्या घरी रद्दी साठते, आमच्याकडे फोन साठतात. मी सोलापूरच्या कंट्रोल रूममध्ये कॉल घेते. आग, अपघात, मारामारी, कुणी पडलं, कुणी हरवलं, सगळं आधी आमच्या कानावर येतं आणि मग आम्ही गाडी पाठवतो. शिफ्ट संपली की हेडफोन काढून ठेवता येतो, ऐकलेलं मात्र काढून ठेवता येत नाही.

हे काम इतकं अंगात मुरलंय, की परवा सासूबाईंचा फोन आला तर मी हॅलोऐवजी म्हणाले, "आधी ठिकाण सांगा."

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "मी घरातच हाय. साडेसात वाजले, तू कुटं हाईस ते सांग."

*

मागच्या वर्षी आम्हाला नवे साहेब आले. त्यांचं मत असं, की आपण मदत चांगली देतो, पण आपुलकीत कमी पडतो. त्यांनी प्रत्येक कॉम्प्युटरवर एक कार्ड चिकटवलं. फोन उचलला की आधी ते वाचायचं: "नमस्कार. आपत्कालीन कक्षात आपले मनःपूर्वक स्वागत आहे. आपली सुरक्षितता हेच आमचे ध्येय. मी आपली काय सेवा करू शकते?" एक शब्द गाळला तरी मार्क कट.

पहिल्याच दिवशी उजनीच्या बॅकवॉटरकडच्या एका गावातून फोन आला. मी कार्ड वाचायला घेतलं. पलीकडचा माणूस एका शब्दानं मध्ये बोलला नाही. माझं वाचून झालं.

"झालं का मॅडम तुमचं?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, "झालं."

"मग सांगतो. माझी कडब्याची गंज पेटलीय."

बंब गेला, अर्धी गंज वाचली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मीटिंगमध्ये ते रेकॉर्डिंग सगळ्यांना ऐकवलं. मला वाटलं, आता कार्ड जाणार. साहेब म्हणाले, "बघा, तक्रारदारानं एकदाही व्यत्यय आणला नाही. स्वागत केलं की माणूस शांत होतो."

*

एकदा एका माणसानं फोन करून सांगितलं, की चौकात मारामारी चालू आहे. मी विचारलं, किती जण आहेत?

"आत्ता चौघंच हायेत, पण अजून जमायलेत. गाडी जरा अर्ध्या तासानं पाठवा की. आत्ता आलात तर मेन माणसं घावणार न्हाईत."

*

माझ्या शेजारच्या खुर्चीवर बिराजदार बसतात. अक्कलकोटकडचे, घरी कन्नड, ऑफिसात मराठी, आणि मशीन हँग झालं की दोन्ही.

एका दुपारी त्यांच्या बाजूच्याच एका खेड्यातून फोन आला. एका माणसाचा धाकटा भाऊ विहिरीत पडला होता. मोटारीचा दोर धरून लटकला होता, पण किती वेळ धरेल सांगता येत नव्हतं. आमच्या स्क्रीनवर ठिकाण म्हणून एक मोठं वर्तुळ आलं, त्यात अख्खं शिवार बसत होतं. मी विचारलं, विहीर नेमकी कुठं आहे?

"शिवाप्पाच्या मळ्याच्या अलीकडं."

मी विचारलं, शिवाप्पा कोण? तर तो भाऊ बाजूला ठेवून माझ्यावरच चिडला. एवढ्या मोठ्या ऑफिसात बसून तुम्हाला शिवाप्पा माहीत नाही?

बिराजदारांनी हेडफोन माझ्याकडून जवळजवळ ओढूनच घेतला. दोन मिनिटं कन्नडमध्ये बोलले. मला त्यातलं फक्त 'शिवाप्पा' कळलं. मग त्यांनी गाडीच्या ड्रायव्हरला सांगितलं, कॅनॉलच्या रस्त्यानं जा, पत्र्याचं शेड सोडून डावीकडे वळ, एक पांढरं कुत्रं अंगावर येईल, त्याच्या मागचीच विहीर. पोरगं वर निघालं तेव्हा त्याचे दोन्ही तळवे सोलून निघाले होते, पण दोर सुटला नव्हता. शिवाप्पा म्हणजे बिराजदारांच्या बहिणीचे सासरे.

महिनाअखेर साहेबांनी रिपोर्ट पाठवला. त्यात लिहिलं होतं, 'अत्याधुनिक उपग्रह प्रणालीद्वारे घटनास्थळ अचूक निश्चित करण्यात आले.'

बिराजदारांनी तो दोनदा वाचला आणि मला म्हणाले, "ताई, बहिणीला सांगायला पाहिजे. तिचं लग्न उपग्रहानं जमवलं होतं."

*

भवानी पेठेत नरसम्मा म्हणून एक आजी आहेत. जन्मभर विड्या वळल्या, आता एकट्याच राहतात. रोज चार वाजता त्यांचा फोन यायचा, की वरच्या मजल्यावर कुणीतरी चालतंय. त्यांच्या घराला वरचा मजला नाही. पत्रा आहे, आणि पत्र्यावर मांजरं. पण फोन आला की गाडी पाठवणं भाग असतं. गाडीवरची दोन माणसं जायची, पत्र्याकडे बघायची, आजींचा चहा प्यायची आणि परत यायची. साहेबांनी त्यांचं नाव 'उपद्रवी कॉलर' म्हणून यादीत घातलं.

एका मंगळवारी चार वाजले, सव्वाचार झाले, आजींचा फोन नाही. साडेचारला बिराजदार माझ्याकडे बघायला लागले, मी त्यांच्याकडे. आम्ही उलटा फोन लावला, तो लागेना. फोनच आलेला नसताना गाडी पाठवायची सोय आमच्या मशीनमध्ये नाही. तरी मी पाठवली.

दार उघडायला वेळ लागला. आजी झोपल्या होत्या, आणि फोनचा रिचार्ज संपला होता. गाडीवरच्या माणसानं सांगितलं, आजी, तुमचा फोन आला नाही म्हणून मॅडमनी पाठवलंय. आजींनी थोडा विचार केला.

"न करता पन येताय की तुमी," त्या म्हणाल्या. "मग रोज उगं कशाला करत बसू?"

त्या दिवसापासून त्यांचा फोन बंद झाला. गाडी मात्र चार वाजता जाते.

*

होटगीच्या पलीकडून एका सकाळी एका तरुणाचा फोन आला. बायकोला कळा सुरू झाल्या होत्या. ॲम्ब्युलन्स निघाली आणि रेल्वे फाटकात अडकली. एक मालगाडी गेली, फाटक उघडायच्या आत दुसरी आली. इकडे मूल थांबायला तयार नव्हतं.

अशा वेळी आमच्या स्क्रीनवर सूचना येतात, त्या एकेक करून वाचून दाखवायच्या. मी त्याला फोन स्पीकरवर टाकायला सांगितला आणि पहिली सूचना वाचली. माझा आवाज कापत होता. मध्येच त्याची आई बोलली.

"बाई, तुमाला लेकरं किती?"

मी म्हटलं, एक.

"मी गावातली सात बाळंतपणं केल्यात. तुमी घाबरू नगा. फकस्त फोन चालू ठेवा, त्याला धीर पायजे."

'त्याला' म्हणजे तिच्या मुलाला. मग पुढची वीस मिनिटं ती बाई सुनेला सांभाळत होती आणि मी तिच्या मुलाला. त्याला पाणी तापवायला सांगितलं, स्वच्छ धुतलेलं लुगडं आणायला सांगितलं, खाली बसायला सांगितलं. शेवटी फोनमधून रडणं ऐकू आलं. आधी बापाचं, मग बाळाचं. मी हेडफोन काढून डोळे पुसले.

तोवर ॲम्ब्युलन्सही दारात पोचली. आता कॉल बंद करायचा होता. त्यासाठी फॉर्म भरावा लागतो. 'कॉल सुरू होताना घटनास्थळी व्यक्ती' या रकान्यात मी तीन लिहिलं होतं. 'कॉल बंद होताना' मध्ये चार लिहिलं. मशीननं तो फॉर्म घेतला नाही. लाल अक्षरात उत्तर आलं: 'माहिती चुकीची आहे. व्यक्ती वाढू शकत नाहीत.'

*

आणि मग ते मॉक ड्रिल. वरून एक मोठे अधिकारी येणार होते. ठरलं असं, की बरोबर अकरा वाजता आमचे क्लार्क माने औद्योगिक वसाहतीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या गेटवरून फोन करतील, कामगार पडला म्हणून सांगतील, आणि आम्ही किती मिनिटांत पोचतो ते पाहुण्यांना दिसेल. पडायचं काम एका शिपायाला दिलं होतं. ॲम्ब्युलन्स डॉक्टरसकट कोपऱ्यावर इंजिन चालू ठेवून उभी. एरवी तिथं साधी रिक्षाही मिळत नाही.

अकराला फोन वाजला. पाहुणे माझ्या मागे उभे, फोन स्पीकरवर. पलीकडून एक घाबरा आवाज आला, आमचा फिटर पडलाय, छाती धरून पडलाय, बोलत न्हाय. आवाज मान्यांचा नव्हता. गेटही शेजारच्या कारखान्याचं सांगितलं. मी साहेबांकडे पाहिलं. ते खुणेनं म्हणाले, चालू द्या. मला आत कुठंतरी टोचलं, पण ड्रिल असो नाहीतर नसो, गाडी तर पाठवायचीच होती. मी कार्ड न वाचताच पाठवली.

दोन मिनिटांत गाडी पोचली. स्पीकरवर डॉक्टरचा आवाज येत होता. घामानं भिजलाय. नाडी लागत नाही. छाती दाबायला घ्या. बऱ्याच वेळानं डॉक्टर म्हणाला, लागली, नाडी लागली, डोळे उघडले. आम्ही निघतोय दवाखान्यात.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "फार जिवंत झालं. त्या माणसाला अभिनयाचं बक्षीस द्या."

साहेब हसत होते, तेवढ्यात परत फोन वाजला. मी उचलला.

"मॅडम, माने बोलतोय गेटवरून. अकरापासून तुमची लाइन एंगेजच लागतीय. शिपाई उन्हात थांबून कंटाळलाय. पाडू का आता त्याला?"